फुलीच्या टाक्यातली अळंबी

आपल्या मंडळाच्या भरतकाम-प्रदर्शनात यंदा मोर, राजहंस, राधाकृष्ण आणि तुळशीवृंदावन या नेहमीच्या मंडळींच्या शेजारी एका छोट्या चौकटीत लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी मांडलेली होती. ती माझी. येणाऱ्या भगिनी थांबत, काम न्याहाळीत आणि मग हळूच विचारीत, ‘‘ताई, टाके अगदी एकसारखे आले आहेत हो, पण ही कुत्र्याची छत्री कशाला काढलीत?’’ एका आजींनी तर, ‘‘ही ना देवाला चालायची, ना रुखवतात मांडता यायची,’’ असा निकालच दिला. स्मरणिकेसाठी लेख मागताना चिटणीसबाईंनी, ‘‘तुम्ही त्या छत्रीचेच उत्तर लिहून द्या,’’ असे सुचविले. उत्तर द्यायला बसले, तेव्हा चारशे वर्षे मागे जावे लागले.

माझे म्हणणे थोडक्यात आधीच सांगते. फुलीचा टाका प्रथम घरकामासाठी होता. पुढे तो मुलींना शिस्त लावण्यासाठी झाला. बाईच्या स्वतःच्या आवडीसाठी तो फार उशिरा मोकळा झाला. अळंबी हा त्या तिसऱ्या पायरीवरचा नमुना आहे आणि म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो.

हा टाका आपल्याला परका नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव या बाजूच्या भगिनींना कर्नाटकी कशिदा, म्हणजे धारवाडकडची कसूती, सांगावयास नको. तिच्यात गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके आहेत. त्यांपैकी मेंथी हा फुलीचाच टाका. मेंथी म्हणजे मेथी. मेथीचे दाणे पसरावेत तशा बारीक फुल्यांनी जागा भरून काढावयाची. कापडावर आधी चित्र न काढता उभे-आडवे धागे मोजीत जावयाचे, ही कसूतीची रीत, आणि क्रॉस स्टिचचीही तीच. फरक आहे तो नमुन्यांत. कसूतीत गोपुर, पालखी, हत्ती, रथ, वृंदावन येतात. ज्या अळंबीबद्दल मला विचारणा झाली, ती मात्र युरोपातून आलेली पाहुणी आहे. तेव्हा तिची हकिकत तिकडचीच सांगावी लागेल.

युरोपात फुलीच्या टाक्याचे एक जुने नाव ‘खुणेचा टाका’ असे आहे. मोठ्या घरातून चादरी, टेबलावरची कापडे, अंगपुसणी यांचे ढीग असत. ती धुण्याला गेली की कोणती कोणाची हे कळावे म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात मालकाची आद्याक्षरे आणि आकडा फुलीच्या टाक्याने, बहुधा लाल धाग्याने, घातला जाई. मोजून घातलेले अक्षर सुबक येते आणि धुण्यात टिकते. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यावर नाव घालतात, त्यातलाच हा प्रकार. यात हौसेचा प्रश्नच नव्हता. हे एक घरकाम होते, आणि ते ज्या मुलीला येई तिला नोकरी मिळे.

म्हणून मुलींना लहानपणीच एका कापडावर अक्षरे, आकडे, वेलबुट्टी आणि निरनिराळे टाके घालावयास लावीत. अशा नमुन्याच्या कापडाला इंग्रजीत सँपलर म्हणतात. आपण शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीच्या तुकड्यावर धावदोरा, साखळी, काजेटाका ओळीने घालून दाखवीत होतो, त्याची ही पणजी म्हणावयास हरकत नाही. ज्यावर साल घातले आहे असा इंग्लंडमधला सर्वांत जुना उपलब्ध सँपलर १५९८ चा आहे. तो जेन बोस्टॉक हिने केला आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो जपून ठेवला आहे. ॲलिस ली नावाच्या एका मुलीचा जन्म १५९६ च्या नोव्हेंबरात झाला, ही नोंद तिने त्यावर सुईने करून ठेवली. त्या काळातल्या कितीतरी बायकांचे नावही आज कोणाला ठाऊक नाही. जेनचे उरले, कारण तिने ते धाग्याने लिहिले.

पुढे एकोणिसाव्या शतकात हे शिकविणे अधिक कडक झाले. ब्रिस्टल शहरातल्या ॲशली डाउन येथील अनाथाश्रमातल्या मुलींनी केलेले सँपलर आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. लहानशा कापडावर बहुधा एकाच लाल धाग्याने मुळाक्षरांच्या किती तऱ्हा बसवल्या आहेत, ते पाहून डोळे दिपतात. पण ते कापड म्हणजे त्या मुलीचे प्रशस्तिपत्र होते. ‘मला खुणेचा टाका येतो, मला कामाला घ्या,’ असे ते सांगे. तिथे हिला फूल आवडते की फुलपाखरू, हे विचारणार कोण?

याच काळातल्या एका सँपलरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एलिझाबेथ पार्कर ही इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या मजुराची मुलगी, जन्म १८१३ चा. तेराव्या वर्षी ती मुले सांभाळण्याच्या कामाला घराबाहेर पडली. पुढे एका घरी मालकाने तिचा छळ केला. तिला जिन्यावरून खाली ढकलले. जीव नकोसा झाला, आत्मघाताचे विचार मनात येऊ लागले. हे सारे तिने १८३० च्या सुमारास एका कापडावर लाल रेशमाने, फुलीच्या बारीक टाक्याने लिहून काढले. सेहेचाळीस ओळी आणि सतराशेहून अधिक शब्द! त्यात वेल नाही, फूल नाही, कड नाही. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून आपण हे असे मांडतो आहोत, असे ती आरंभीच सांगते. शेवटी आपल्या आत्म्याचे काय होणार, असे विचारताविचारता वाक्य अर्ध्यावरच थांबते. खाली बरेचसे कापड कोरे राहिले आहे. हे कापडही त्याच संग्रहालयात आहे. वाचून काळजात चर्र होते. पण पुढची हकिकत समाधानाची आहे. अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा एलिझाबेथ पुढे शिक्षिका झाली आणि चांगली वृद्ध होऊन १८८९ साली वारली, असे आढळून आले. शिस्तीसाठी हाती दिलेल्या टाक्याने त्या मुलीने स्वतःचे मन मोकळे केले. टाका तोच, पण सांगणे आता तिचे होते.

आवडीच्या पायरीकडे जाणारी वाट मात्र जर्मनीतून निघाली. नमुन्यांची छापील पुस्तके युरोपात सोळाव्या शतकापासून होती, पण ती एकरंगी. १८०४ च्या सुमारास बर्लिनमधल्या फिलिप्सन नावाच्या चित्रविक्रेत्याने चौकड्यांच्या कागदावर रंगीत नमुने काढले. एक चौकट म्हणजे एक टाका, आणि चौकटीत जो रंग तोच धाग्याचा. पुढे १८१० च्या सुमारास श्रीमती विटिख या भरतकामात निष्णात असलेल्या बाईंनी आपल्या चित्रविक्रेत्या यजमानांना असे नमुने मोठ्या प्रमाणावर छापावयास लाविले. प्रत्येक चौकट हाताने रंगवीत. नमुने महाग असत, तरी त्यांचा असा काही प्रसार झाला की तीस वर्षांत चौदा हजार नमुने निघाले, असे १८४२ च्या एका इंग्रजी पुस्तकात नमूद आहे. चित्रकला न शिकलेल्या बाईलाही चौकटी मोजून गुलाब, पोपट, कुत्रा यांची चित्रे काढता येऊ लागली. टीकाकारांनी या कामाला ‘नुसती नक्कल’ म्हणून नाके मुरडली आणि त्यांत तथ्यही होते. परंतु मला त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते. दुकानात शंभर नमुने मांडले असताना ‘मला हा हवा’ असे बोट दाखविणे, ही आवडीची पहिली खूण नव्हे काय?

धाग्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. डीएमसी ही अक्षरे भरतकाम करणाऱ्या पुष्कळ भगिनींनी लडीवर वाचली असतील. हा कारखाना १७४६ साली म्यूलूझ या गावी सुरू झाला, आणि तो सुरू झाला तो छापील सुती कापडासाठी. त्या कापडाला तिकडे ‘अँदियेन’, म्हणजे ‘हिंदुस्थानी’, असे म्हणत. कारण आपल्याकडच्या छिटांची ती नक्कल होती! १८०० साली दानिएल डॉल्फुस यांचा विवाह आन-मारी मीग यांच्याशी झाला आणि त्यांनी पत्नीचे कुलनाम कारखान्याच्या नावात घातले. डी म्हणजे डॉल्फुस, एम म्हणजे मीग, आणि सी म्हणजे कंपनी. तेव्हा त्या मधल्या अक्षरात एक सासुरवाशीण बसली आहे. पुढे ऑस्ट्रियात जन्मलेल्या तेरेज द दिलमाँ या विदुषीने याच कारखान्याच्या सहकार्याने १८८६ साली सुईकामाचा ज्ञानकोश लिहिला. तो अनेक भाषांत गेला आणि आजही वापरला जातो. शिवणे-विणणे ही लिहून ठेवण्याजोगी विद्या आहे, हे त्या ग्रंथाने जगाला पटविले.

आता अळंबीकडे वळू. माझ्या चौकटीतली ती लाल टोपीची जात म्हणजे अमानिता मस्कारिया. ती थंड प्रदेशात भूर्जाच्या आणि देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांखाली उगवते. कोवळी असताना ती एका पांढऱ्या पडद्यात गुंडाळलेली असते. वाढू लागली की पडदा फाटतो आणि त्याचे तुकडे टोपीवर चिकटून राहतात. तेच ते ठिपके. ती विषारी आहे. पूर्वी ती दुधात कुस्करून माशा मारण्यासाठी ठेवीत, म्हणून नावातही माशी आली. आणि मौज पहा, जर्मन लोक हिलाच शुभ मानतात! चार पानांचे क्लोव्हर, डुकराचे पिलू आणि धुराडे झाडणारा यांच्या पंगतीत ही अळंबी त्यांच्या नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर असते. दैव ज्याला अनुकूल अशा माणसाला जर्मन भाषेत ‘ग्ल्युक्सपिल्झ’, शब्दशः ‘नशिबाची अळंबी’, असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अशी पत्रे घरोघर गेली. जे चित्र पत्रावर आणि मुलांच्या पुस्तकात येते ते भरतकामातही यावयाचेच. लाल, पांढरा आणि थोडा हिरवा एवढ्यावर जे उठून दिसते, ते चौकडीच्या कागदाला मानवते.

पण अळंबीशी बायकांचे नाते नुसत्या शुभचिन्हाचे नाही. मुलांसाठी सशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटर आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असतील. त्या भरतकाम करणाऱ्या म्हणून नव्हे, तर चित्रकार म्हणून येथे येतात. गोष्टी लिहिण्याच्या आधी त्यांनी कित्येक वर्षे अळंब्यांचा अभ्यास केला आणि त्यांची शेकडो रंगीत चित्रे काढली. अळंबीचे बीजकण कसे रुजतात यावर त्यांनी निबंध लिहिला. तो १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला; पण मांडला तो जॉर्ज मॅसी या गृहस्थांनी, कारण स्त्रियांना त्या सभेत प्रवेश नव्हता. पुढे निबंध मागे घेण्यात आला आणि आता तो उपलब्ध नाही. संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९०५ साली, आणि पॉटरबाईंना नीट वागविले नाही अशी कबुली दिली ती १९९७ साली, म्हणजे शंभर वर्षांनी! चित्रे मात्र उरली. ती त्यांनी अँबलसाइडच्या आर्मिट ग्रंथालयाला दिली, आणि त्यांपैकी एकोणसाठ १९६७ साली अळंब्यांवरच्या एका शास्त्रीय पुस्तकात छापली गेली. घरच्या लोकांना जी ‘मुलीची हौस’ वाटत असेल, तिचा अभ्यासकांना सत्तर वर्षांनी उपयोग झाला.

निसर्ग डोळ्यांनी पाहून तो टाक्यात उतरविण्याचे काम डेन्मार्कमध्ये फार सुंदर झाले. तेथे १९२८ साली हस्तकलेच्या उन्नतीसाठी एक संस्था निघाली. गेर्डा बेंग्टसन या चित्रकार बाईंनी तिच्यासाठी रानफुले, औषधी वनस्पती, बोरे-बेऱ्या यांचे फुलीच्या टाक्याचे नमुने तयार केले. त्या १९०० साली जन्मल्या आणि पंचाण्णव वर्षे जगल्या. त्यांचे फूल पाहून ते कोणते हे ओळखता येते. पान समोरासमोर आहे की आड-एक, हेही त्या चौकटीत दाखवीत. २०२४ साली राजपद सोडलेल्या डेन्मार्कच्या राणी मार्गारेट याही त्याच संस्थेसाठी नमुने काढीत आल्या आहेत. एकदा रानातले रोपटे चौकटीत आले, की त्याच्या पायाशी उगवणारी अळंबी किती दिवस बाहेर राहणार? १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत तर स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून पडद्यांपर्यंत अळंब्याच अळंब्या झाल्या. आज संगणकावर चौकटी भरून भगिनी आपापले नमुने करतात आणि त्यांत या छत्रीला चांगला मान आहे.

करून पाहू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगते. क्रॉस स्टिचसाठी एका इंचात चौदा घरे असणारे कापड घ्यावे. तीन इंच लांब-रुंद अळंबीला बेचाळीस गुणिले बेचाळीस, म्हणजे १,७६४ घरे लागतात. त्यांत बरीचशी कोरीच राहतात. सहा पदरी धाग्याचे दोन पदर सुईत घ्यावेत. आरंभ कापडाच्या मध्यापासून करावा. सर्व फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला असावा. हा एक नियम पाळला की काम लखलखते. टोपीची गोलाई चौकटीत पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. तेव्हा कडेला अर्ध्या फुल्या घालून वरून एका पदराची उलट टीप मारावी. एकाच लाल रंगाने टोपी सपाट दिसते. गडद, मध्यम आणि फिका असे तीन लाल घेतले की ती फुगीर होते. शिवाय अळंबीचा एक मोठा गुण असा, की एखादी फुली इकडची तिकडे झाली तरी ती रागावत नाही. राधेचे नाक एका घराने सरकले तर सारा चेहरा बिघडतो. अळंबी थोडी वाकडी झाली तर अधिकच खरी दिसते. नवशिक्या मुलीला पहिला नमुना म्हणून मी हाच देते. मात्र कापडावरची अळंबी ती कापडावरची; रानातली कोणतीही छत्री जाणत्या माणसाला विचारल्यावाचून भांड्यात घालू नये.

कोणी म्हणेल, एवढा वेळ घालवून शेवटी एक निरुपयोगी चित्र हाती येते. खरे आहे. माझी अळंबी चादरीवरची खूण नव्हे, नोकरीचे प्रशस्तिपत्र नव्हे, रुखवताची शोभाही नव्हे. पण चारशे वर्षे ज्या टाक्याने बाईने दुसऱ्याच्या चादरींवर दुसऱ्याची नावे घातली, त्याच टाक्याने तिला स्वतःला आवडलेली वस्तू काढता यावी, याला मी निरुपयोग म्हणत नाही. दुपारची निरवानिरव झाल्यावरचा तो एक तास कोणाच्या डब्याचा नसतो, कोणाच्या औषधाचा नसतो. तो जिच्या हातात सुई आहे तिचा असतो. हौस हा शब्द आपण इतक्या संकोचाने का उच्चारावा?

एक इच्छा मात्र मनात आहे. आपल्या कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते. गोव्याकडे तिला अळमी म्हणतात. वाळवी आपल्या वारुळात या बुरशीची शेती करते आणि तिच्यातून ही छत्री वर येते. टोपीच्या मधोमध गडद टोक असते आणि दांडा मुळासारखा खोल जमिनीत गेलेला असतो. तिची भाजी आपण आवडीने खातो. पण तिचा फुलीच्या टाक्याचा नमुना माझ्या पाहण्यात नाही. करडा, तपकिरी आणि मातीचा तांबडा असे तीन रंग पुरतील. ज्यांचे माहेर तिकडचे आहे त्यांनी पुढच्या पावसाळ्यात ती नीट पाहून चौकडीच्या कागदावर उतरवावी. मी धागा देईन.

आणि अखेरची विनंती प्रत्येकीला. मोर काढा, वृंदावन काढा की छत्री काढा. पण काम पुरे झाल्यावर कापडाच्या खालच्या कोपऱ्यात आपले नाव आणि साल फुलीच्या टाक्याने घाला. आपल्या आज्यांनी केलेले कितीतरी कशिदे पेट्यांतून निघतात आणि ते कोणी केले हे सांगायला घरात कोणी नसते. नावाला फार तर दोन ओळींची जागा लागेल आणि अर्धी दुपार जाईल. पुढे पन्नास वर्षांनी एखाद्या नातीने ते कापड उलगडले, तर तिला आपण कोण होतो हे विचारत फिरावे लागणार नाही.